मोकळी सोडलेली जागा

मांडून झालं असं मला वाटलं होतं. थर्मासचं झाकण उघडून कॉफी ओतायच्या बेतात होते, तेवढ्यात माझा शेजारी उठला, कपाळावरचा दिवा लावला आणि काठावरचा बर्फाचा पापुद्रा मोडत पुन्हा मांडीभर पाण्यात उतरला. जानेवारीतली पहाट, अमेरिकेतल्या चेसापीक उपसागराचं वरचं टोक आणि असा वारा, की हातमोज्यांतली बोटंही आपली वाटत नव्हती. खऱ्या बदकांना भुलवायला आम्ही सोडलेल्या खोट्या बदकांपैकी, म्हणजे डिकॉयपैकी, एकाचं वजन तळाच्या गाळात रुतलं नव्हतं. ते हळूहळू वाहत मधल्या मोकळ्या पाण्यात आलं होतं. त्यानं ते उचललं, दोरीचा गुंता सोडवला, पलीकडं नेऊन पुन्हा सोडलं आणि आता तरी रुतलंय ना, हे दोनदा ओढून पाहिलं. आडोशात परतल्यावर, दम खात, मी काही न विचारताच तो म्हणाला, “ती जागा त्यांची आहे.”

त्या दिवशी पुढं बरंच काही घडलं, पण मनात राहिलं ते हे वाक्य. खरं तर त्यातला सूर. पंगतीला उशिरा पोचणाऱ्या पाहुण्याचं पान राखून ठेवताना घरातलं वडीलधारं माणूस ज्या सुरात बोलतं, अगदी तोच. आणि ज्यांच्यासाठी ती जागा राखली होती त्यांनी नेमकं तिथं उतरावं आणि उतरता उतरता मरावं, यासाठीच तर ती सगळी मांडामांड होती. हे दोन्ही एका माणसाच्या मनात, एकाच वाक्यात, जराही खोटेपणा न करता कसं मावतं हे मला कळेना. अजूनही पुरतं कळलंय असं नाही.

बदकं वाऱ्याकडं तोंड करून उतरतात, म्हणून आधी वारा बघायचा. तो आपल्या पाठीवर हवा, म्हणजे पाखरं समोरून, पाण्यावरून आपल्या दिशेनं येतात. मग कुठलं बदक हवंय ते. शेपटी वर करून उथळ पाण्यात चरणारी मॅलार्डसारखी बदकं सैल बसतात. दोघं-तिघं एकत्र, मध्ये ऐसपैस अंतर, नर-मादी जवळ जवळ. कॅन्व्हासबॅकसारख्या बुडी मारणाऱ्यांची तऱ्हा वेगळी. ती खोल पाण्यावर दाटीनं असतात, त्यांच्यासाठी एकाच लांब दोराला ओळीनं बांधलेली डिकॉय सोडतात. आम्ही काठाजवळ मॅलार्ड सोडली होती, बाहेरच्या अंगाला कॅन्व्हासबॅकची ओळ, आणि दोन्हींच्या मधे, बरोबर आडोशासमोर, पाण्याचा एक रिकामा तुकडा. उतरणाऱ्याला मोकळं पाणी लागतं, बसलेल्यांच्या डोक्यावर कुणी उतरत नाही. तो तुकडा अरुंद ठेवला तर पाखरं पलीकडच्या कडेला, बंदुकीच्या टप्प्याबाहेर बसतात. वारा पडला की मांडलेली बदकं निर्जीव दिसायला लागतात, म्हणून एका डिकॉयची दोरी आडोशापर्यंत आणलेली. ती मधूनच ओढली की तरंग उठतात आणि आजूबाजूचा सगळा थवा जरासा हलतो. लाकडी पाठींवर साचलेलं हिम पुसावं लागतं, कारण उजाडल्यावर ते चमकतं आणि वरून येणाऱ्याला संशय येतो. आणि सगळ्यांपासून लांब, एकट्यानं उभा केलेला प्लास्टिकचा राखी बगळा. बगळ्याची शिकार इथं कुणी करत नाही. पण तो जात्याच सावध. तो निवांत उभा आहे म्हणजे आसपास माणूस नाही, असा बदकांचा हिशेब असतो. पाखराचा पाखरावरचा विश्वाससुद्धा त्या मांडणीत धरलेला होता.

फटफटायला लागलं तशी मी ती बदकं पहिल्यांदा नीट पाहिली. एकानं चोच पाठीच्या पिसांत खुपसलेली. एक मान आखडून पेंगतंय. एक अंग साफ करतंय. बाकीच्यांच्या माना खाली, खांद्यांत बसलेल्या. शेजारी म्हणाला, ताठ उंच मान म्हणजे उडायच्या बेतातलं बदक. तसं एकजण जरी थव्यात दिसलं तरी वरची मंडळी वळून जातात.

घाबरलेलं बदक कुणी कोरत नाही.

हे डोक्यात घेऊनच नंतर मी हॅव्हर डी ग्रेसच्या डिकॉय संग्रहालयात गेले. सस्क्वेहाना नदी जिथं उपसागराला मिळते तिथलं हे छोटंसं गाव. संग्रहालय १९८६ साली सुरू झालं, अगदी पाण्याच्या काठावर आहे. फळ्याफळ्यांवर शेकडो लाकडी बदकं ओळीनं ठेवलेली आणि कुणाच्याही चेहऱ्यावर काळजी नाही. काहींच्या अंगात छर्रे घुसल्याच्या खुणा, काहींच्या चोची मोडून पुन्हा बसवलेल्या, पोटाखाली वजनाची पट्टी आणि दोरीची कडी. या गावातले नावाजलेले कारागीर आर. मॅडिसन मिचेल. त्यांचा पोटापाण्याचा उद्योग होता गावातल्या माणसांच्या अंत्यविधीची व्यवस्था करणं. मेलेल्या माणसाला शेवटचं निटनेटकं करायचं आणि उरलेल्या वेळात लाकडाच्या ठोकळ्यातून जिवंत वाटेल असं बदक काढायचं, हे एकाच माणसाचे हात वर्षानुवर्षं करत होते. उपसागराच्या खालच्या बाजूला क्रिसफील्डचे वॉर्ड बंधू, लेम आणि स्टीव्ह, हे व्यवसायानं न्हावी. ही सगळी हातानं काम करणारी, लहान गावातली माणसं. त्यांनी बदकांकडं किती बघितलं असेल! तेही बदक निर्धास्त असताना, कारण तेवढंच त्यांच्या कामाचं होतं. पोट भरल्यावर ते मान कशी टेकवतं, झोपताना डोकं किती वळतं, वारा लागला की पाठीवरची पिसं कशी बसतात, हे माहीत करून घ्यायला माणसाला तासन् तास, न हलता, त्याच्या शांतपणात बसावं लागतं. पक्ष्याच्या समाधानाचं इतकं बारकाईचं चित्र मी दुसरीकडं कुठंही पाहिलेलं नाही. आणि ते काढलं कुणी, तर ज्यांना ते समाधान वापरून घ्यायचं होतं त्यांनी.

मॅसॅच्युसेट्समधल्या एल्मर क्राउवेल यांनी कोरलेलं एक डिकॉय, अंग साफ करणारा पिनटेल, म्हणजे तलवार बदकाचा, नर, २००७ साली दहा लाख डॉलरहून अधिक किमतीला विकला गेला. तो आता कधी पाणी बघणार नाही. मला या किमतीचं अप्रूप वाटलं नाही, थोडं वाईटच वाटलं. ज्या कारागिरीचा कस एखादं खरं बदक खाली येतं की नाही यावर लागायचा, तिच्यावर आता फक्त माणसांच्या नजरा.

माझं लहानपण सोलापूर जिल्ह्यातलं, उजनीच्या फुगवट्याच्या काठचं. तिथं पाखरांसाठी आम्ही बाहुलं करायचो, पण ते त्यांना हाकलायला. ज्वारी हुरड्यात आली की आबा दोन काठ्या आडव्या-उभ्या बांधायचे, त्यावर त्यांचाच जुना सदरा, आणि वर पालथं मडकं. मडक्यावर चुन्यानं डोळे काढायचं काम माझं. मी डोळे फार मोठे काढायचे, भुवया रागीट. आबा म्हणायचे, “आगं, एवढं कशाला? पाखराला माणूस हाय एवढं कळलं तरी बास.” पहिले दोन-चार दिवस पाखरं बिचकायची. मग एखादी धीट चिमणी बुजगावण्याच्या हातावर बसायची, ते बघून दुसरी, आणि आठवड्याभरात होले त्याच्या पायाशी दाणे टिपायचे. मग आबांना माळ्यावर चढून गोफण घ्यावीच लागायची. त्याच दिवसांत धरणाच्या पाण्यावर उत्तरेकडून आलेले चक्रवाक असायचे, थापटे असायचे, लांब शेपटीची तलवार बदकं असायची. आम्ही सगळ्यांना सरसकट ‘पाणबदकं’ म्हणायचो. त्यांना कुणी हाकलत नव्हतं, कुणी बोलावतही नव्हतं. ती आपली यायची, असायची, आणि उन्हं तापायला लागली की एके दिवशी नसायची.

माणसाचं सोंग पाखराला दूर ठेवतं, पाखराचं सोंग पाखराला जवळ आणतं, आणि दोन्ही काही दिवसच टिकतात. कारण पाखरं शिकतात. जानेवारीपर्यंत इथवर पोचलेल्या बदकानं कॅनडापासून वाटेतल्या कितीतरी पाण्यांवर अशा खोट्या बैठका पाहिलेल्या असतात. म्हणून शेजारी दर वेळी मांडणी बदलतो, कधी संख्या अगदी कमी करतो. जे वाचलं ते हुशार आहे असं तो म्हणतो आणि ते म्हणताना त्याला मनापासून आनंद झालेला दिसतो.

पाखराच्या सवयीचाच गळ करायची कला आपल्याकडंही होती. तळ्यावर रिकामी मडकी सोडून द्यायची. काही दिवस ती नुसती तरंगू द्यायची. बदकांना त्यांची इतकी सवय होते की ती मडक्यांच्या मधून पोहायला लागतात. मग एक दिवस शिकारी तसंच, डोळ्यांपुरती भोकं पाडलेलं मडकं डोक्यावर घालून गळ्याएवढ्या पाण्यात हळूहळू चालत जायचा आणि बदकाचे पाय धरून त्याला खाली ओढायचा. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आबांचं चुन्याच्या डोळ्यांचं मडकं आठवलं आणि पोटात कसंतरी झालं. आवाज नाही, रक्त नाही, शेजारच्या बदकालाही पत्ता नाही. बंदुकीच्या बाराहूनही मला ते भयंकर वाटलं, आणि का वाटलं ते सांगता येत नाही. मरण दोन्हीकडं सारखंच की.

चेसापीकच्या या वरच्या टोकाला सस्क्वेहाना फ्लॅट्स म्हणतात. मैलोन् मैल उथळ पाणी आणि तळाशी वाइल्ड सेलरी नावाचं पाणगवत. कॅन्व्हासबॅकचा या गवताच्या मुळाकंदांवर फार जीव. ते खाऊन त्याचं मांस इतकं चविष्ट व्हायचं, की एकोणिसाव्या शतकात बाल्टिमोर, फिलाडेल्फिया, न्यूयॉर्कच्या मोठ्या हॉटेलांत त्याला मानाचं स्थान मिळालं आणि फ्लॅट्सवर बाजारासाठी शिकार करणाऱ्यांची फळीच उभी राहिली. त्यांचं साधन होतं सिंकबॉक्स. माणूस उताणा झोपेल एवढी लाकडी पेटी, भोवती पाण्यावर पसरलेले सपाट पंख, आणि त्या पंखांवर ओतीव लोखंडाची बदकं, अशासाठी की त्यांच्या भारानं पेटीची कड पाण्याच्या पातळीला यावी. भोवताली शेकडो लाकडी बदकं. माणूस पाण्याच्या पातळीखाली आडवा, त्याच्या चारी बाजूंना खोटा थवा, आणि वर आभाळ. पाळीव बदकांनाही दोरीनं बांधून पाण्यात ठेवायचे. ती ओरडायची, आणि वरून जाणारी त्या हाकेला ओ देऊन खाली यायची. १९१८ च्या कायद्यानं अशा पक्ष्यांची विक्री थांबवली. १९३५ साली सिंकबॉक्स आणि जिवंत डिकॉय दोन्हींवर बंदी आली. लाकडाला परवानगी राहिली, जिवंत पाखराला नाही. ही रेषा ओढणाऱ्यांच्या मनात नेमकं काय होतं मला ठाऊक नाही, पण मला ती पटते. दोरीला बांधलेल्या बदकाची हाक खरी असते. तिला स्वतःला कळत नसतं आपण कुणाला कशासाठी बोलावतोय ते.

पुढं १९७२ च्या जूनमध्ये अ‍ॅग्नेस वादळाचा पूर नदीतून इतका गाळ घेऊन आला की फ्लॅट्सवरचं गवतच त्याखाली गेलं. गवत गेलं तशी त्यावर जगणारी कॅन्व्हासबॅकही पांगली. अलीकडच्या वर्षांत गवत परत पसरलं आहे. बंदुकीनं जे होतं ते दिसतं तरी. गाळानं काय होतं ते फार उशिरा दिसतं.

या सगळ्यांत माझा जीव ज्यात अडकला तो तुकडा मात्र इथला नाही. पश्चिमेकडच्या नेवाडा राज्यातल्या लव्हलॉक गुहेत १९२४ साली खोदकामात लव्हाळ्यांची अकरा डिकॉय सापडली. आता ती वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेकडं आहेत, दोन हजार वर्षांच्या आसपासची. टूली नावाच्या लव्हाळ्याच्या जुड्या दुमडून बांधून केलेलं शरीर, तसंच बांधलेलं डोकं, वर रंग, आणि काहींच्या अंगात खोवलेली खरी पिसं. आणि बदक कोणतं, तर हेच, कॅन्व्हासबॅक. तोच उतरत्या कपाळाचा चेहरा, तेच तांबूस डोकं. त्या गुहेजवळ तेव्हा मोठं पाणी होतं, आता ते बहुतेक आटलं आहे. तिथल्या नॉर्दर्न पायूट या मूळनिवासी लोकांमध्ये लव्हाळ्याची बदकं बांधणारे कारागीर आजही आहेत. ती अकरा बदकं गुहेच्या जमिनीतल्या खड्ड्यात झाकून ठेवलेली होती. कुणीतरी हंगाम संपल्यावर ती पाण्यातून काढली असतील, वाळवली असतील, पिसं मोडू नयेत म्हणून हलक्या हातानं एकावर एक रचली असतील. पुढच्या वर्षी लागतील म्हणून. त्या माणसाला त्या थव्याविषयी जे माहीत होतं ते माझ्या शेजाऱ्याला माहीत आहे, मधे एवढा मोठा देश आणि एवढा मोठा काळ पडलेला असूनही. आणि मधल्या दोन हजार वर्षांत बदकाची निवांत बसायची रीत काही बदललेली नाही.

त्या पहाटे सूर्योदयाला अर्धा तास उरला, तेव्हा शेजाऱ्यानं घड्याळ बघून बंदुकीत काडतुसं भरली. त्याआधी बार टाकलेला चालत नाही. बराच वेळ कुणी आलं नाही. मग उजवीकडून, खूप उंचावरून, एक जोडी. कुत्र्याला आधी कळलं. त्याचं थरथरणं बाकाच्या फळीतून मला जाणवलं. जोडी आमच्यावरून गेली, लांब जाऊन वळली, पुन्हा आली, जरा खाली. शेजारी दोरी ओढत होता, अगदी हलकी. तिसऱ्या फेरीला त्यांनी पंख वाकवले, पाय पुढं काढले आणि वाऱ्यावर डोलत, लाकडी बदकांकडं न बघता, सरळ त्या मोकळ्या तुकड्याकडं यायला लागली. आणि त्या क्षणी मला आनंद झाला. आमची मांडणी त्यांना पटली म्हणून. अंधारात, गारठलेल्या हातांनी आम्ही पाण्यावर जे काही मांडलं होतं ते इतक्या वरून दोन जिवांना नीट कळलं, त्यांना तिथं यावंसं वाटलं. हा आनंद खरा होता आणि मी तो लपवणार नाही. मग बार झाले. मादी वळून, पाण्यालगत उडत, निघून गेली. नर त्याच्यासाठी राखलेल्या जागेत पडला.

कुत्र्यानं तो आणून शेजाऱ्याच्या हातात दिला, त्यानं माझ्या. हाताला इतकं ऊबदार काही त्या सकाळी लागलं नव्हतं. पाठीवरची पांढुरकी पिसं अगदी बारीक करड्या रेघांची, छाती काळी, डोकं विटकरी, आणि डोळा लाल. तो लाल रंग बघता बघता विझला. चोचीपासून कपाळापर्यंत चढत गेलेली ती एकच रेघ कारागिरानं लाकडात जशीच्या तशी पकडली होती. शेजाऱ्यानं टोपी काढून पक्ष्याच्या पिसांवरून एकदा हात फिरवला. त्यात दिखावा नव्हता. जाता जाता त्यानं सांगितलं, त्या जातीचं दिवसाला एखाद-दुसरंच मारता येतं, तेव्हा याच्यानंतर आता ओळ काढून घेऊ.

पुण्याला राहणाऱ्या माझ्या बहिणीला फोनवर हे सांगितलं तर ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, फसवून मारणं ते मारणंच, त्यात एवढं बघण्यासारखं काय? मी तिच्याशी वाद घातला नाही, कारण ती चूक आहे असं मला वाटत नाही. आपल्याकडं कायद्यानं शिकार बंद झाली याचा मला आनंदच आहे. पण इथलं गणित पाहिल्यापासून माझं मन तितकं सरळ राहिलेलं नाही. १९३४ पासून इथं बदकाच्या शिकाऱ्याला दर वर्षी ‘डक स्टॅम्प’ नावाचं एक तिकीट घ्यावं लागतं. पहिलं होतं १ डॉलरचं, आता ते २५ डॉलरचं आहे, आणि त्यातला जवळजवळ सगळा पैसा पाणथळ जमिनी विकत घेऊन राखण्यासाठी जातो. पहिल्या तिकिटावरचं चित्र जे. एन. ‘डिंग’ डार्लिंग या व्यंगचित्रकारानं काढलं होतं: पाण्यावर उतरणारी मॅलार्डची जोडी. शिकार न करणाऱ्यालाही ते घेता येतं, मी दर वर्षी घेते. म्हणजे पाखरांना उतरायला खरोखरीची मोकळी जागा राहावी म्हणून ज्यांचा पैसा जातो, त्यांत बहुसंख्य तेच, जे त्यांच्यासाठी खोटी जागा मांडतात. आमच्या उजनीच्या काठावर मी एवढी वर्षं बदकांवर नुसतं प्रेम केलं. त्या काठाचं काय होतंय हे विचारायला कधी गेले नाही. शेजारी नदीच्या पाण्याविषयीच्या प्रत्येक सभेला जातो, तळाच्या गवताचे नकाशे भिंतीला लावून ठेवतो.

त्याच्या मुलांना यात रस नाही. त्यामुळं उन्हाळ्यात गॅरेजमध्ये डिकॉय दुरुस्त करायला बसला की मला हाक मारतो. मला दोऱ्या बदलता येतात आणि आता रंगही देता येतो. कॅन्व्हासबॅकच्या डोक्याचा विटकरी मला बरा जमतो, मानेपाशी तो काळ्यात मिसळवताना हात जरा सैल ठेवावा लागतो. परवा असंच रंगवताना त्यानं विचारलं, यंदा येशील ना? मी म्हटलं, मांडायला येईन, पण बसणार नाही. मांडून द्यायचं आणि मारताना तिथं असायचं नाही, हे बसण्यापेक्षा बरं की वाईट याचा निवाडा माझा मलाच होत नाही, हेही त्याला सांगितलं. तो विचारात पडला. मग म्हणाला, चालेल, पण मग उजाडायच्या आत तुला गाडीपर्यंत पोचावं लागेल. काठावरून चालणारं माणूस दिसलं तर कुणी उतरणार नाही. मी हो म्हटलं. त्यानं माद्यांसाठी तपकिरी रंगाचा डबा उघडला आणि ढवळायला मला काडी दिली.